एमजीबीचा टॅपेट गॅप परत परत कमी होतोय? जुनी स्पोर्ट्स कार अनलेडेड पेट्रोलवर चालवताना काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

आधी लक्षणं सांगतो. खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर हे सगळं तुमच्यासाठी आहे, आणि एकच दिसत असेल तरी वाचा पण लगेच हेड (सिलिंडरच्या वरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) खोलायला घेऊ नका.

गाडी थंड असताना नीट चालू होते, पण गरम झाली की आयडलिंगला एका सिलिंडरवर मिसिंग होतं आणि सायलेन्सरच्या तोंडापाशी हात धरला तर एक ठोका चुकल्यासारखा फट्‌कन जाणवतो.

चढावर चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. इथे इंग्लंडमध्ये याला पिंकिंग म्हणतात, आपल्याकडचे मिस्त्री नॉकिंग म्हणतात.

चावी बंद केली तरी इंजिन चार-पाच सेकंद गचके देत चालूच राहतं.

पिकअप इतका हळूहळू कमी होतो की आपल्या लक्षातच येत नाही, दुसरा कोणी गाडी चालवून बघतो तेव्हा तो म्हणतो की अरे ही ओढत नाहीये.

आणि सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे टॅपेटची टिकटिक कमी होणं. इंजिन शांत झालं म्हणून माणूस खुश होतो, पण या इंजिनाला थोडी टिकटिक असायलाच पाहिजे, ती गेली याचा अर्थ गॅप, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली बारीकशी मोकळी जागा, संपत आलाय. टॅपेट सेट केले की महिना-दोन महिने गाडी मस्त चालते आणि मग सगळं परत तसंच. हा ‘परत तसंच’ प्रकार दिसला की समजायचं आपण चुकीची गोष्ट दुरुस्त करतोय.

मी कव्हेंट्रीजवळ राहतो, मूळचा कराडचा, माझ्याकडे १९७१ ची एमजीबी जीटी आहे आणि स्वतःची, मित्रांची, त्यांच्या मित्रांची अशा दहा-बारा गाड्यांवर हाच प्रॉब्लेम मी हाताळलाय. टॅपेट सेट करायला मात्र मी इथे शिकलो नाही, काकांच्या अ‍ॅम्बेसेडरवर शिकलो, आणि इथे पहिल्यांदा एमजीबीचं रॉकर कव्हर उघडलं तेव्हा एकदम घरचं वाटलं कारण दोन्ही इंजिनं बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातली. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसी, एमजीबीचं १७९८ सीसी. म्हणून जुनी पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर सांभाळणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, फक्त तिचं कॉम्प्रेशन कमी असल्याने नॉकिंगचा त्रास तिला कमी.

शिसं पेट्रोलमध्ये कशाला होतं

हे समजल्याशिवाय पुढची तपासणी आंधळी होईल म्हणून थोडं सांगतो. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या लॅबमध्ये थॉमस मिजलीला सापडलं की टेट्राएथिल लेड घातलं की पेट्रोल नॉक करत नाही, म्हणजे ऑक्टेन वाढतो. मुख्य काम हे. दुसरं काम आपसूक झालं, जळलेल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटवर (बंद होताना व्हॉल्व्ह ज्या कडेवर टेकतो ती) बसायचा आणि दोन तापलेल्या लोखंडी भागांच्या मध्ये गादीसारखं काम करायचा. एमजीबीचं हेड कास्ट आयर्नचं, सीट वेगळी बसवलेली नाही, हेडच्या बिडातच कापलेली. शिसं गेलं की लालभडक व्हॉल्व्ह सीटवर आपटतो, क्षणभर सूक्ष्म ठिकाणी वेल्ड होतो, परत उघडताना बिडाचे कण उपटून काढतो, ते कण व्हॉल्व्हच्या तोंडाला चिकटतात आणि मग पॉलिश पेपरसारखं सीटला घासत बसतात. सीट खोल जाते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत रुततो, त्याची दांडी वर सरकते आणि रॉकरपर्यंतची मोकळी जागा खाते. म्हणून गॅप कमी होतो. गॅप शून्य झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, बसला नाही की त्याची उष्णता सीटमध्ये जात नाही, आणि मग तो जळतो.

ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून लेडेड पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली, भारतात १ फेब्रुवारी २००० पासून. बंद झालं ते उत्तमच झालं, शिसं लहान मुलांच्या मेंदूला काय करतं हे माहीत असताना जुन्या गाडीसाठी त्याची हळहळ करणं मला पटत नाही. गाडी बदलता येते.

आता मुद्द्याची गोष्ट. शिसं दोन कामं करत होतं त्यामुळे ते गेल्यावर दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आले, एक ऑक्टेनचा आणि एक सीटचा, आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. महागडं सुपर पेट्रोल भरलं की ऑक्टेन मिळतो पण सीटला काडीचंही संरक्षण मिळत नाही. हेडमध्ये कडक सीट बसवल्या की सीट वाचते पण नॉकिंग तसंच राहतं. माझ्या ओळखीच्या एकाने नॉकिंग होतंय म्हणून हेडचं मोठं काम करून घेतलं, पैसे गेले, गाडी परत आली आणि मॅल्व्हर्नच्या चढावर पहिल्याच रविवारी तसाच आवाज. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, सहा अंश पुढे होतं, दुसरं काही नव्हतं.

सुरुवात कागदांपासून, खर्च शून्य

गाडीबरोबर आलेली जुनी बिलं वाचा. इथे नव्वदच्या दशकाच्या शेवटी हजारो लोकांनी हेड अनलेडेडसाठी करून घेतली, तुमचं हेड आधीच झालेलं असू शकतं आणि तुम्ही उगाच दर टाकीला शिशाच्या जागी घालायचं औषध ओतत असाल. बिल नसेल तर प्लगच्या भोकातून घालायचा छोटा कॅमेरा हल्ली स्वस्तात मिळतो, व्हॉल्व्ह उघडा असताना सीटभोवती वेगळ्या धातूची गोल रेघ दिसली तर इन्सर्ट, म्हणजे वेगळी कडक सीट, बसवलेला आहे. दरवेळी नीट दिसतं असं नाही, पण दिसलं तर अर्धं काम झालं.

दुसरी गाडी असेल तर आधी हेड कशाचं आहे ते बघा. जॅग्वारचं एक्सके इंजिन, अल्फा रोमिओचं ट्विन कॅम, रोव्हर व्ही-८, लोटस ट्विन कॅम, या सगळ्यांची हेड अ‍ॅल्युमिनियमची, अ‍ॅल्युमिनियममध्ये सीट थेट कापता येत नाही म्हणून त्यांच्यात मुळातच वेगळ्या सीट बसवलेल्या असतात. त्यांना सीटचा त्रास फार कमी, त्यांचं दुखणं बहुतेक ऑक्टेनचं आणि टायमिंगचं असतं. कास्ट आयर्न हेडवाल्या एमजी, ट्रायम्फ, फोर्ड कॉर्टिना, मिनी यांनी काळजी करायची.

मग पेट्रोल

दोन टाक्या सुपर भरून बघा, ९७ किंवा ९९ ऑक्टेनचं. पूर्वी इथे फाइव्ह स्टार १०० ऑक्टेनचं मिळायचं आणि फोर स्टार ९७-९८ च्या आसपास, एमजीबीचं हाय कॉम्प्रेशन इंजिन फोर स्टारसाठी सेट केलेलं होतं. आज पंपावरचं साधं पेट्रोल ९५, शिवाय सप्टेंबर २०२१ पासून त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. सुपरमध्ये ते ५ टक्क्यांपर्यंत. दोन टाक्यांनंतर नॉकिंग गेलं तर तुमचा प्रश्न ऑक्टेनचा होता आणि तुम्ही थोडे पैसे जास्त घालून तो शोधलात. आवाज कमी झाला पण गेला नाही तर पुढे टायमिंग बघायचं. काहीच फरक नाही तर तो आवाज नॉकिंगचा नसून सैल टायमिंग चेन किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती असू शकते, मॅनिफोल्ड गळत असेल तर थंड इंजिनाला आवाज जास्त आणि गरम झालं की कमी, नॉकिंगचं बरोबर उलटं.

प्लग

चारही प्लग काढून ओळीने ठेवा, कुठला कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून. बिस्किटाच्या रंगाचे असतील तर ठीक. पांढरेफटक, चकचकीत असतील तर मिक्स्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे किंवा टायमिंग चुकलंय, आणि लीन मिक्स्चरमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापतो म्हणजे सीट लवकर जाते. प्लगचा गॅप २५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). तापट जातीचे प्लग कोणी घातले असतील तर तेही नॉकिंगला आणि चावी काढल्यावर चालत राहण्याला कारण होतात, म्हणून प्लगचा नंबर पुस्तकाशी ताडून बघा.

टायमिंग

याच्यावर वेळ घालवा, निम्म्या गाड्या इथेच बऱ्या होतात असं मी माझ्या अनुभवावरून सांगतो.

आधी डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, उलट केलं तर पॉइंट हलवल्यावर टायमिंग पण हलतं आणि सगळं परत करावं लागतं. टायमिंग लाइट लावा, व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद करा, आणि तुमच्या इंजिन नंबरला पुस्तकात जो आकडा आहे तो धरा, कारण १९६२ ते १९८० या काळात आकडे बदलत गेलेत. लाइट लावण्याआधी एकदा पुलीवरची खूण खरी आहे का ते बघून घ्या, नंतरच्या इंजिनांत पुलीला रबर असतं आणि बाहेरचं कडं सरकू शकतं, मग खूण एक सांगते आणि पिस्टन दुसरीकडेच असतो. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात लांब प्लॅस्टिकची काडी धरून हाताने इंजिन फिरवलं की पिस्टन वर कधी येतो ते कळतं.

आकडा बरोबर असूनही नॉकिंग होत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या स्प्रिंग तपासा. पन्नास वर्षं जुन्या स्प्रिंग सैल पडतात किंवा कोणीतरी दुसऱ्याच गाडीच्या घातलेल्या असतात, मग २००० आरपीएमलाच सगळा अ‍ॅडव्हान्स (ठिणगी आधी पडणं) येऊन बसतो आणि आयडलिंगला टायमिंग एकदम बरोबर दिसतं. लाइट लावून हळूहळू रेस वाढवत नेलं की हे दिसतं. व्हॅक्यूम कॅप्सूलला स्वच्छ नळी लावून तोंडाने ओढा आणि जीभ लावून धरा, धरून राहिली तर डायफ्रॅम चांगला, सुटली तर फाटलेला.

९५ ऑक्टेनवरच चालवायची असेल तर २ ते ३ अंश मागे घ्या. लुकास २५डी४ डिस्ट्रिब्युटरवर त्यासाठी छोटं खाचांचं चाक असतं, ए आणि आर अशी अक्षरं आहेत, आर कडे थोडं फिरवायचं आणि त्याच चढावर त्याच गिअरमध्ये परत बघायचं. पण नॉकिंग जात नाही म्हणून टायमिंग मागे मागे नेत राहू नका, हे फार महत्त्वाचं आहे. टायमिंग खूप मागे गेलं की जळणं उशिरा होतं, आग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत चालू राहते आणि तो व्हॉल्व्ह भाजून निघतो. एक आवाज थांबवायला गेलात आणि सीटचं नुकसान करून बसलात असं होतं. ३ अंशात नाही गेलं तर कारण वेगळं आहे.

कार्बोरेटर आणि हवेची गळती

दोन एसयू कार्बोरेटर, त्यांचं मिक्स्चर बघायची जुनी पद्धत अजून सगळ्यात चांगली. इंजिन पूर्ण गरम, कार्बोरेटरच्या बाजूची छोटी पिन बोटाने वर दाबून पिस्टन अगदी एक मिलिमीटरपेक्षा कमी उचलायचा. आरपीएम किंचित वाढून परत जागेवर आलं तर बरोबर, वाढून वाढलेलंच राहिलं तर रिच (पेट्रोल जास्त), पडलं तर लीन. लीन असेल तर एचएस४ कार्बोरेटरच्या खालचा जेटचा नट एक-एक बाजू खाली फिरवत रिच करायचा. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुन्या सेटिंगला मिक्स्चर आपोआप लीन होतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी बरोबर असलेलं आज बरोबर असेलच असं नाही.

मिक्स्चर जागेवर राहतच नसेल तर कुठूनतरी चोरटी हवा येतेय. थ्रॉटलची दांडी हाताने वरखाली हलवून बघा, गॅस्केट बघा, ब्रेक सर्व्होची नळी बघा. साध्या पाण्याचा बारीक फवारा संशयाच्या जागी मारला आणि आरपीएम बदललं तर गळती तिथेच. लोक कार्ब क्लीनर मारतात, तापलेल्या मॅनिफोल्डच्या शेजारी मी ते कधी करत नाही आणि तुम्हीही करू नका.

याच वेळी पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बघून घ्या. इथेनॉलने जुनं रबर मऊ पडतं, वाकवलं की भेगा दिसतात, आतून सुटलेले कण फ्लोट चेंबरच्या सुईत अडकतात. आर९ दर्जाची नळी घ्या, नळीवर छापलेलं असतं. नळीला ओलसरपणा किंवा पेट्रोलचा वास असेल तर बाकी सगळी तपासणी तिथेच थांबवा, नळ्या बदलल्याशिवाय चावी फिरवू नका, एसयूच्या शेजारीच एक्झॉस्ट आहे हे विसरू नका.

थंड करायची व्यवस्था धड असेल, थर्मोस्टॅट उघडत असेल, काटा मध्ये राहत असेल तर त्याबद्दल जास्त विचार करायची गरज नाही.

टॅपेटची वही

इथपर्यंतच्या गोष्टींनी नॉकिंग, चावी काढल्यावर चालत राहणं, आयडलिंगचा बराचसा त्रास जायला पाहिजे. राहिला तो गॅपचा प्रश्न. यासाठी एक फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), एक वही आणि धीर लागतो, बाकी काही नाही, आणि माझ्या मते या सगळ्या लिखाणातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे.

इंजिन रात्रभर थंड. रॉकर कव्हर काढा, प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. एमजीबीच्या बहुतेक इंजिनांना गॅप १५ थाऊ, म्हणजे ०.३८ मि.मी., पुस्तक बघून खात्री करा. कुठला टॅपेट कधी सेट करायचा याला नवाचा नियम: पुढून मोजत जा, आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा एक नंबरचा सेट करायचा, सहा दाबलेला असेल तेव्हा तीन, चार दाबलेला असेल तेव्हा पाच, बेरीज कायम नऊ. काकांच्या अ‍ॅम्बेसेडरलाही हाच नियम, मिस्त्रीने मला तो बोटांवर मोजून शिकवला होता.

एक, चार, पाच आणि आठ हे एक्झॉस्ट. दोन, तीन, सहा, सात इनलेट. चार आणि पाच शेजारी शेजारी, दोघांना बाहेर पडायला एकच वाट, त्यामुळे हेडमधली सगळ्यात तापणारी जागा तीच.

आता चूक करू नका, सेट करायच्या आधी जो गॅप सापडतो तो लिहा. सगळे जण नट सैल करून सेट करून मोकळे होतात आणि आधी किती होता ते कायमचं हरवतं. तारीख, मैल, आठ आकडे. मग सेट करा, ५०० मैल चालवा, परत थंड इंजिनावर मोजा, परत लिहा. असं तीनदा.

माझ्या गाडीचं असं झालं होतं: १२०० मैलांत चार नंबर १५ वरून ११, पाच नंबर १५ वरून १२, एक आणि आठ १४, चारही इनलेट जिथल्या तिथे. हे सीट खोल गेल्याचं अगदी स्पष्ट चित्र आहे, फक्त एक्झॉस्ट आणि त्यातही मधले दोन जास्त. त्या काळात मी दर आठवड्याला मोटरवेने जायचो, गाडीला ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) नव्हता, ताशी ७० मैलांना इंजिन ३९०० आरपीएमच्या आसपास फिरत राहायचं. ओव्हरड्राइव्ह असेल तर तेच ३२०० होतं. सीट जाते ती सततच्या जोरात आणि सततच्या गरमीत, गावात ३००० च्या खाली चालणाऱ्या गाडीला वर्षानुवर्षं काही होत नाही. म्हणून रविवारी तीस मैल फिरणाऱ्याने घाबरून हेड उघडायची अजिबात गरज नाही, त्याने वही ठेवावी.

आठही गॅप सारखेच थोडे कमी झाले असतील तर ते मोजण्यातली चूक किंवा इंजिन पूर्ण थंड नसणं. गॅप वाढत असेल तर तो रॉकर, त्याची दांडी किंवा कॅम झिजण्याचा प्रकार, पेट्रोलशी संबंध नाही. आणि एक खाच लक्षात ठेवा, रॉकरच्या टोकाला व्हॉल्व्हच्या मापाचा खड्डा पडलेला असेल तर सपाट फिलर गेज त्या खड्ड्यावरून पुलासारखं जातं, गेज १५ सांगतं आणि खरा गॅप २० असतो. टॅपेट सेट करूनही वाजत असतील तर आधी हे बघा.

माझा स्वतःचा हिशोब असा: एक्झॉस्टवर १००० मैलांना १ थाऊपर्यंत गेला तर नुसतं सेट करत राहा. २-३ जात असेल तर पेट्रोलमध्ये औषध सुरू करा आणि रेस ३००० च्या आसपास ठेवा. त्याहून जास्त, किंवा कुठल्याही मोजणीत गॅप ५ च्या खाली सापडला, तर गाडी उभी करा आणि कॉम्प्रेशन बघा.

पेट्रोलमध्ये घालायचं औषध

दुकानात शिशाच्या जागी घालायच्या बाटल्या मिळतात. कोणी फॉस्फरसवर चालणारं, कोणी पोटॅशियमवर, कोणी सोडियमवर, कोणी मँगनीजवर. इथल्या ऐतिहासिक वाहनांच्या क्लबांच्या फेडरेशनने लेडेड बंद होण्याच्या सुमारास ननीटनजवळ मायरा या वाहन-चाचणी केंद्रात यांच्या चाचण्या करून घेतल्या होत्या आणि काही औषधं त्यात उतरली होती, त्यामुळे फेडरेशनची मान्यता असलेलीच बाटली घ्या. एक निवडली की तीच चालू ठेवा, एका टाकीत एक प्रकार आणि दुसऱ्या टाकीत दुसरा असं मिसळू नका. माप बाटलीवर लिहिल्याप्रमाणे, दुप्पट घालून दुप्पट फायदा होत नाही. आणि औषधाने सीटची झीज कमी होते, गेलेली सीट परत येत नाही, म्हणून घालायला सुरुवात केल्यावर वहीतले आकडे स्थिरावतायत का ते बघायचं. माझे दोन वर्षं स्थिर राहिले होते.

टाकीत टाकायचे कथलाचे गोळे आणि नळीवर लावायचे चुंबक विकणारेही आहेत. मी त्यावर पैसे घालणार नाही.

कॉम्प्रेशन

इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, इग्निशन कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. निरोगी हाय कॉम्प्रेशन एमजीबी १५० ते १७० पीएसआय दाखवते, पण आकड्यापेक्षा चौघांतला फरक महत्त्वाचा, १० टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. शेजारचे दोन एकदम पडले असतील तर बहुतेक दोघांच्या मधलं गॅस्केट.

कॉम्प्रेसर असेल तर पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा सोडा आणि कान लावा, सायलेन्सरमधून फुस्स आलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून आलं तर इनलेट, ऑइल भरायच्या तोंडातून आलं तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. हवेच्या दाबाने इंजिन अचानक फिरू शकतं, पंख्याजवळ हात नको.

इथे थांबा

सायलेन्सरमधून फुस्स आलं आणि वही पण तेच सांगतेय, तर आता हेड उतरवायचं. उतरवणं अनुभव असेल तर घरी जमतं, पण आधी पाणी पूर्ण काढा आणि हेडचे अकराही नट ठरलेल्या क्रमाने थोडे थोडे सैल करा, कारण रॉकरच्या खांबांचे चार नट हेडच्याच स्टडवर आहेत, नुसते तेच काढले तर हेड एका बाजूने उचललं जातं आणि पाणी गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये जातं.

पण सीट बसवायचं काम घरी नाही, ओळखीच्या साध्या गॅरेजमध्येही नाही, फक्त हेडचंच काम करणाऱ्या मशिन शॉपमध्ये. बिडात खाच कापून कडक धातूची रिंग दाबून बसवायची असते, माप काही थाऊ इकडेतिकडे झालं तर किंवा कापताना पाण्याच्या पोकळीत हत्यार घुसलं तर हेड गेलं. एका मित्राच्या गाडीत एका वर्कशॉपने बसवलेली रिंग सैल होती, आठ महिन्यांनी चालत्या गाडीत ती सुटली, व्हॉल्व्ह वाकला, पिस्टन फुटला, आणि तो बायको-मुलांसकट रात्री मोटरवेच्या कडेला उभा होता. स्वस्तातलं काम होतं ते.

मशिन शॉपमध्ये गेलात की विचारायचं ते असं. आधी तडा तपासणार का, कारण चार आणि पाच नंबरच्या सीटच्या आसपास या हेडला तडे सापडतात आणि तडा असेल तर बाकी खर्च वाया. सीट फक्त चार एक्झॉस्टच्या बदलणार ना, इनलेटला थंड मिक्स्चर लागतं त्यांना गरज नसते. व्हॉल्व्ह अनलेडेडला चालणाऱ्या धातूचे आहेत का, गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी) बदलणार का, कारण जुन्या ढिल्या गाइडमध्ये नवा व्हॉल्व्ह तिरका बसला तर नवी सीट पण फुकट. हेड प्लेन करणार, म्हणजे त्याचा तळ कापून सपाट करणार असतील तर किती, कारण जितकं कापाल तितकं कॉम्प्रेशन वाढेल आणि नॉकिंग परत दारात येईल. नुसतं सरळ होण्यापुरतंच कापायला सांगा.

याशिवाय ऑइल दुधाळ झालं असेल, सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर येत असेल, किंवा एखाद्या टॅपेटला थंड इंजिनावर गॅपच उरला नसेल तर वरचं काहीही करत न बसता गाडी ट्रकवर घालून घेऊन जा. गॅप संपलेल्या गाडीने ‘घरापर्यंत तरी पोचू’ म्हणून चालवत नेली तर पन्नास मैलांत व्हॉल्व्ह जळतो.

हेड परत बसवताना नट ४५ ते ५० फूट-पाउंड, ठरलेल्या क्रमाने, तीन टप्प्यांत, रॉकरच्या खांबांचे २५. ५०० मैलांनी इंजिन थंड असताना परत टॉर्क करा आणि लगेच टॅपेट परत सेट करा, नट आवळले की गॅप बदलतो. औषधाची बाटली आता बंद. वही बंद करू नका, नव्या सीटवर पहिल्या १००० मैलांत एखादा थाऊ बसतो आणि मग आकडे हलायचे थांबतात. माझ्या गाडीत काम होऊन ७००० मैल झाले, चार आणि पाच दोन्ही १४ वर उभे आहेत.

भारतात जुनी अ‍ॅम्बेसेडर किंवा तिथे असलेली एखादी एमजी सांभाळणाऱ्यांसाठी एवढंच, तिकडे पंपावर आता सर्रास ई२० मिळतं, म्हणजे इथल्यापेक्षा दुप्पट इथेनॉल, त्यामुळे तुमची पहिली तपासणी नळ्यांची आणि दुसरी मिक्स्चरची. आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल ठेवू नका, इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि ते तळाशी वेगळं होऊन बसतं. टॅपेट त्यानंतर.